हात जपायचा की वापरायचा? स्तनाच्या कर्करोगानंतरच्या व्यायामाचा पाठ



आपल्या पत्रिकेत दर अंकाला एखादा अभ्यासपाठ असतो. कधी बेणेप्रक्रिया, कधी खोडव्याची निगा, कधी माती परीक्षण. या वेळचा पाठ उसाचा नाही, माणसाचा आहे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेऊन घरी आलेल्या भगिनींनी व्यायाम करावा की नाही, करावा तर कोणता आणि किती, आणि त्याने शरीराला नेमका काय फायदा होतो, हा आजचा विषय.

शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला तोंड घालावे, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, आणि हा पाठ डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरायचा नाही. परंतु गटागटांतून फिरताना, ऊस नोंदीसाठी वस्तीवर जाताना एक गोष्ट नजरेला येते. ऑपरेशन होऊन आलेली बाई दिसते ती बहुधा सोप्यात बसलेली. हात पदरात गुंडाळलेला. चार बायका भेटायला येतात आणि जाताना एकच वाक्य सांगून जातात, "त्या हातानं काही उचलू नको बाई." वाक्य मायेचे आहे, पण आजच्या माहितीप्रमाणे ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कोणी सांगत नाही, आणि त्यापायी रोगातून वाचलेल्या बाईचा हात मात्र अडकून बसतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाल्याचे आढळले. आपल्या देशातील स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. वेळेत उपचार झाले तर पुष्कळ जणी बऱ्या होतात आणि पुढे कित्येक वर्षे जगतात. तेव्हा ती वर्षे कशी जगायची, याचाही विचार आता घराघरांत व्हायला पाहिजे.

१. ऑपरेशनात आणि उपचारात काय होते

व्यायामाचा फायदा समजायचा तर आधी नुकसान कुठे होते ते समजले पाहिजे.

ऑपरेशनात स्तनातील गाठ किंवा पूर्ण स्तन काढतात, आणि त्याबरोबर काखेतल्या काही लसिका ग्रंथी काढतात. लसिका म्हणजे शरीराच्या पेशींभोवती साचणारे पाण्यासारखे द्रव. ते बारीक नळ्यांमधून वाहत काखेतल्या ग्रंथींत येते, तिथे गाळले जाते आणि पुढे रक्तात मिसळते. ग्रंथी काढल्या किंवा त्यावर किरणांचा मारा झाला, की ही वाट अरुंद होते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा निचऱ्याचा प्रश्न आहे. पाणथळ झालेल्या उसाच्या रानात पाणी जास्त आले म्हणूनच साचते असे नाही. कित्येकदा पाणी तेवढेच असते, पण चर बुजलेला असतो. हाताचेही तसेच. वाट कमी झाली की द्रव हातात साचते आणि हात सुजतो. काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढल्या असतील तर साधारण पाच जणींपैकी एकीला ही सूज येते. फक्त तपासणीपुरत्या दोन-तीन ग्रंथी काढल्या असतील तर हे प्रमाण वीस जणींत एकीच्या आसपास असते. म्हणजे आपल्या किती ग्रंथी काढल्या, हे प्रत्येक भगिनीने डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. पुढे ते उपयोगी पडते.

दुसरे नुकसान खांद्याचे. जखम भरताना छातीची कातडी आणि आतले पडदे आक्रसतात. दुखते म्हणून बाई हात हलवत नाही, हलवत नाही म्हणून खांदा आणखी आखडतो. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात, त्याने हा ताठरपणा काही महिन्यांनंतरही वाढू शकतो.

तिसरे नुकसान केमोथेरपीचे. त्यात थकवा येतो, दम लागतो, स्नायू झिजतात, आणि कित्येकींचे वजन मात्र वाढते. काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, काहींचा ताण हृदयावर पडतो. चौथे नुकसान पुढे पाच-दहा वर्षे घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचे. पाळी गेलेल्या स्त्रियांना बऱ्याचदा देतात त्या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होण्याचा वेग वाढतो.

ही चारही नुकसाने आपण नीट पाहिली तर ध्यानात येईल, की नुसत्या विश्रांतीने यांतले एकही भरून निघत नाही.

२. "हात जपा" हे आले कुठून

हा सल्ला काही आपल्या बायकांनी मनाने काढलेला नाही. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या ऑपरेशनची पद्धत प्रसिद्ध केली. तीत स्तनाबरोबर छातीचे मोठे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सारेच काढून टाकत. ही पद्धत जगभर सत्तर-ऐंशी वर्षे चालली. एवढी मोठी काटछाट झालेला हात सुजायचाच. तेव्हा डॉक्टरच सांगत, की या हाताने वजन उचलू नका, कष्टाचे काम आयुष्यभर करू नका. पुढे ऑपरेशने लहान झाली, स्नायू वाचवले जाऊ लागले, १९९० नंतर काखेतल्या मोजक्याच ग्रंथी तपासून बाकीच्या ठेवण्याची रीत आली. पण जुना सल्ला तोंडोतोंडी तसाच चालत राहिला. बियाणे बदलले तरी खताची मात्रा जुनीच देत राहावी, तसे झाले.

याला पहिला धक्का रुग्ण स्त्रियांकडूनच बसला. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचे स्वतःचे ऑपरेशन झाले होते. घरी गेल्यावर काय करायचे हे कोणी सांगत नाही, हे त्यांनी अनुभवले. १९५२ साली त्यांनी ऑपरेशन झालेल्या इतर स्त्रियांना भेटायला जाण्याचे काम सुरू केले. जाताना त्या एक दोरी आणि एक रबरी चेंडू घेऊन जात. चेंडू मुठीत दाबायचा, दोरी दारावरून टाकून हात वर ओढायचा. एवढ्या साध्या सामानावर खांदे मोकळे होऊ लागले.

वजन उचलण्याची भीती मात्र टिकून होती. कॅनडातील व्हँकुव्हर येथील डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये तिची परीक्षा घेतली. ज्या कामात हात, खांदा, छाती यांना सारखे जोर लावून पुन्हा पुन्हा तीच हालचाल करावी लागते असे काम त्यांनी मुद्दाम निवडले, ते म्हणजे लांब होडी वल्हवणे. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना आधी काही आठवडे व्यायाम देऊन मग होडीत बसवले. हंगाम संपल्यावर पाहिले तर एकीलाही नव्याने सूज आली नव्हती, आणि जिला आधी होती तिची वाढली नव्हती.

२४ हा आकडा लहान आहे, हे खरे. प्रात्यक्षिक प्लॉट एक गुंठ्याचा असला तर शेतकरी लगेच विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. म्हणून पुढचे मोठे प्लॉट पाहू.

फिलाडेल्फिया येथील डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून दोन वेळा वजने उचलण्याचा व्यायाम दिला. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, वाढ थोडी थोडी, पहिले तीन महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि हातावर दाबाची बाही घालून. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे राहू दिले. वर्षाने तपासले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताचा घेर लक्षणीय वाढलेल्या स्त्रिया दोन्ही गटांत जवळजवळ सारख्या, ११ आणि १२ टक्के. म्हणजे वजनाने सूज वाढली नाही. उलट सुजेचा त्रास उसळण्याचे प्रसंग व्यायामाच्या गटात १४ टक्के स्त्रियांना आले, दुसऱ्या गटात २९ टक्के स्त्रियांना.

त्याच मंडळींनी सूज नसलेल्या १५४ स्त्रियांवर तसाच अभ्यास करून २०१० मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभरात नवी सूज आली ती व्यायाम करणाऱ्यांत ११ टक्के जणींना, न करणाऱ्यांत १७ टक्के जणींना. ज्यांच्या पाच किंवा जास्त ग्रंथी काढल्या होत्या, म्हणजे ज्यांना धोका अधिक, त्यांच्यात हा फरक ७ आणि २२ टक्के असा निघाला.

याचे कारण पुन्हा निचऱ्यातच आहे. लसिकेला हृदयासारखा मोठा पंप नाही. नळ्यांचे स्वतःचे आकुंचन आणि भोवतालच्या स्नायूंचा दाब, यावरच तिचे वाहणे चालते. स्नायू आवळला की द्रव पुढे ढकलले जाते, सैल झाला की नळी पुन्हा भरते. हात निपचित ठेवला म्हणजे आपण पंप बंद करून पाणी उपसण्याची वाट पाहतो.

३. शरीराला होणारे फायदे

एक, खांदा. ब्रिटनमध्ये १७ रुग्णालयांतील ३९२ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या साऱ्या जणींना ऑपरेशननंतर खांदा आखडण्याचा धोका जास्त होता. एका गटाला फिजिओथेरपिस्टने ऑपरेशननंतर ७ ते १० दिवसांनी हालचालीचे व्यायाम सुरू करून दिले, साधारण महिन्याने ताकदीचे व्यायाम जोडले. दुसऱ्या गटाला नुसती माहितीपत्रके दिली. वर्षाने पहिल्या गटाचा हात अधिक चांगला चालत होता, आणि लवकर सुरू केले म्हणून सूज वाढलेली नव्हती.

दोन, दम आणि ताकद. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक मेरी मॅकव्हिकार आणि मॅरिल विनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये केमोथेरपी चालू असलेल्या ४५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्या गटाने जागेवरची सायकल आठवड्यातून तीन वेळा, दहा आठवडे चालवली. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता त्या गटात सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. उपचार चालू असताना विश्रांतीच हवी, हा समज तिथे पहिल्यांदा हलला.

तीन, थकवा. हा फायदा ऐकायला उलटा वाटतो. थकलेल्या माणसाला चालायला कसे सांगायचे? पण कर्करोगाचा थकवा कामाच्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून जात नाही, झोपून राहिल्याने स्नायू आणखी सैल पडतात आणि थोड्याशा कामानेही दम लागतो. २०१७ मध्ये ११३ अभ्यासांतील ११ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. थकवा कमी करण्यात व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपचार हे औषधांपेक्षा सरस ठरले.

चार, सांधेदुखी. अमेरिकेतील येल विद्यापीठाने गोळ्यांमुळे सांधे दुखणाऱ्या १२१ स्त्रियांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा ताकदीचा व्यायाम, असा वर्षभराचा कार्यक्रम. व्यायाम करणाऱ्यांची सर्वांत तीव्र सांधेदुखी २९ टक्क्यांनी उतरली, इतरांची ३ टक्क्यांनी चढली. याला मोठे महत्त्व आहे, कारण सांधे दुखतात म्हणून कित्येक जणी गोळ्याच सोडून देतात, आणि त्या गोळ्या रोग परत येऊ नये म्हणून असतात.

पाच, हाडे आणि वजन. उभे राहून, अंगावर भार घेऊन केलेल्या व्यायामाने हाडांना घट्ट राहण्याचा इशारा मिळतो, आणि स्नायू टिकले की तोल सावरतो, पडणे टळते. ठिसूळ झालेल्या हाडाला पडणे हेच संकट. डॉक्टरांनी हाडांसाठी औषध दिले असेल तर व्यायाम त्याच्या जोडीला करायचा, त्याच्या ऐवजी नाही.

सहा, आयुष्य. अमेरिकेत २,९८७ परिचारिकांवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. या साऱ्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला. आठवड्याला तीन ते पाच तास साध्या गतीने चालण्याइतकी हालचाल करणाऱ्या स्त्रियांत या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण, आठवड्याला तासाभराहूनही कमी हालचाल करणाऱ्यांच्या सुमारे निम्मे होते. इथे एक सावधगिरी. या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे. ज्यांची तब्येत मुळात बरी त्या जास्त चालत असतील, असेही असू शकते. म्हणून "चाला म्हणजे कर्करोग परतणार नाही" असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर ऐकू नये. चालण्याने आशा वाढते आणि नुकसान काही होत नाही, एवढे म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

४. आपल्याकडचे एक उदाहरण

आपल्या एका गटातील सभासद भगिनी आहेत, नाव-गाव देत नाही. नावावर दीड एकर ऊस. उजव्या बाजूचे ऑपरेशन झाले, केमो झाली, शेक झाला. घरच्यांनी फार जपले, काडी उचलू दिली नाही. वर्षाने रोग आटोक्यात होता, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डोक्यावरून पाणी घेता येईना, वेणी शाळेत जाणारी मुलगी घालून द्यायची. कारखान्याच्या वार्षिक सभेला ठरावासाठी हात वर करायचा तर डावा करावा लागला. शेजारच्या बायका म्हणायच्या, "जीव वाचला, हात गेला तर गेला."

पुढे जिल्ह्याच्या गावी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोरी, काठी आणि भिंत एवढ्यावर काम सुरू केले. पहिल्या महिन्यात फरक दोन बोटांचा. चौथ्या महिन्यात वेणी स्वतःची स्वतः घातली. हात पूर्ण सुटला असे नाही. बाही अजून घालावी लागते, थंडीत खांदा ओढतो. पण आता पाण्याची पाळी त्या स्वतः बघतात. हेच काम ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले असते तर वर्ष वाया गेले नसते.

५. मात्रा कशी द्यायची

उसाला लागणारे नत्र आपण एकदम टाकत नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० अशी विभागणी करतो. व्यायामाचेही तसेच आहे. खाली दिलेला क्रम सर्वसाधारण आहे. सुरुवात आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावी, विशेषतः स्तन पुन्हा बसवण्याचे ऑपरेशन झाले असेल तर.

पहिला आठवडा : जखमेतली नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपेक्षा वर नेऊ नये. मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, खांदे गोल फिरवणे, खोल श्वास घेणे. जेवणे, केस विंचरणे त्याच हाताने करावे. झोपताना हात उशीवर थोडा उंच ठेवावा. घरातल्या घरात आणि अंगणात चालावे.

दुसऱ्या आठवड्यापासून : नळी निघाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. (अ) पाठीवर झोपून दोन्ही हातांनी काठी धरून हळूहळू डोक्याकडे न्यावी. (आ) भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावी. जिथे पोहोचेल तिथे खडूने खूण करावी, दर आठवड्याला नवी खूण. (इ) दारावरून दोरी टाकून चांगल्या हाताने दुसरा हात वर ओढावा. प्रत्येकी पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको.

महिन्यानंतर : ताकदीचे व्यायाम. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हे पहिले वजन. भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखे करावे, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करावी. आठवड्यातून दोन वेळा, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून. दोन आठवडे हात न सुजता, न दुखता गेले तरच वजन थोडे वाढवावे. हाताला सूज असेल तर दाबाची बाही घालून करावे.

चालणे : केमो चालू असतानाही, ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी. दहा मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू अर्धा तास, आठवड्यातून निदान तीन वेळा. चालीचे माप सोपे आहे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी चाल. पाणंदीचा रस्ता खाचखळग्यांचा असेल आणि पायाला मुंग्या असतील तर सपाट डांबरी रस्ता किंवा शाळेचे मैदान बरे. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने दिलेली शिफारसही याच मापाची आहे. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम, दोन वेळा ताकदीचा व्यायाम, निदान आठ ते बारा आठवडे.

६. "आम्ही शेतात राबतोच की"

हा प्रश्न हमखास येणार. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला?

शेतकाम ही हालचाल आहे, ती चांगलीच. पण तिला मात्रा नसते. आज काही नाही, उद्या एकदम दहा तास. एकच हात, एकच कंबर. खुरपताना हात खाली असतो, खांदा वर कधी जात नाही. बसून खुरपल्याने दमही लागत नाही. म्हणून शेतकाम करणाऱ्या भगिनींनीही भिंत, काठी आणि दोरीचे पंधरा मिनिटे सोडू नयेत. कामावर परतायचे तेही टप्प्याटप्प्याने. आधी हलके काम तास-दोन तास, मग वाढवत जावे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा घागर उचलली आणि तीही भरलेली, असे नको. अर्धी कळशी, मग पाऊण, मग भरलेली.

आणखी एक गोष्ट उसाच्या शेतकऱ्यांसाठी खास. उसाचे पान कापते, कूस टोचते. ज्या बाजूच्या ग्रंथी काढल्या त्या हाताला छोटी जखम झाली तरी जंतू शिरून हात लाल होऊ शकतो, आणि असा प्रसंग सूज वाढवतो. तेव्हा पाचट काढताना, वाडे बांधताना पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे घालावेत. ओरखडा उठला तर लगेच साबणाने धुवावा. खत आणि तणनाशक उघड्या हाताने हाताळू नये.

७. केव्हा थांबायचे

पुढीलपैकी काही झाले तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. हात अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, ताप आला. छातीत दुखले, चक्कर आली, नेहमीपेक्षा फार धाप लागली. हाडात नवी वेदना सुरू झाली आणि ती रात्रीही राहिली. जखमेतून स्राव येऊ लागला. रोग हाडांत पसरला असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, किंवा रक्तातील पेशी फार कमी झाल्या असतील, तर कोणता व्यायाम चालेल हे त्यांनाच विचारावे. अशा वेळीही "काहीच नको" हे उत्तर बहुधा नसते, पण ते ठरवायचे डॉक्टरांनी.

८. घरच्या मंडळींसाठी दोन शब्द

हा पाठ बाईने एकटीने वाचून भागणार नाही. तिला अर्धा तास कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. सकाळी धारा, भाकरी, पाणी यांतून ती व्यायामाला बसली, की "आता हिला बरं वाटतंय, कामाला लागू दे" असे कोणीतरी म्हणते. दुसऱ्या घरी उलट, तिला कशालाच हात लावू देत नाहीत. दोन्ही घरांत माया आहे आणि दोन्ही घरांत हात आखडतो. बंधूंनो, डॉक्टरांच्या गोळ्या आपण वेळेवर आणून देतो ना? तसाच हा अर्धा तास आणून द्यायचा. चालायला बरोबर जायचे. भिंतीवरची खूण वर सरकली की नाही ते पाहायचे. सासूबाईंनी मनावर घेतले तर हे काम सर्वांत लवकर होईल, हे मी अनुभवाने सांगतो. ठिबक सिंचनापासून माती परीक्षणापर्यंत ज्या ज्या घरात म्हाताऱ्या माणसाने होकार दिला, तिथे काम पुढे गेले आहे.

जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा जिथे ऑपरेशन झाले तिथे फिजिओथेरपी विभाग आहे का, ते घरी येतानाच विचारावे. एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावेत, पुढचे घरी करता येतात. सामान म्हणाल तर एक काठी, एक दोरी, एक चेंडू, एक बाटली आणि एक भिंत.

उजळणी

१. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात का सुजतो? रानातल्या निचऱ्याशी तुलना करून सांगा.

२. "त्या हाताने काही उचलू नको" हा सल्ला कोणत्या काळातल्या ऑपरेशनवरून आला? आज त्यात कोणता बदल झाला आहे?

३. वजन कधी वाढवायचे आणि कधी वाढवायचे नाही?

४. उसात काम करताना त्या हाताची कोणती काळजी घ्याल?

५. आपल्या भावकीत किंवा शेजारी ऑपरेशन होऊन आलेली भगिनी आहे काय? असल्यास तिला हा पाठ वाचून दाखवा, आणि भिंतीवरची पहिली खूण तिच्या हातून करून घ्या.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहून पाठवायचे नाही. गट कार्यालयात आलात की सांगा, खूण किती वर गेली.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते